गाळासकट पाणी

तळोज्याच्या आमच्या लॅबमध्ये शिरताच समोरच्या भिंतीवर ऑइलपेंटने एक ओळ लिहिलेली आहे : विहिरीचं पाणी आधी गाळायचं नाही. विहीर म्हणजे इथे तेलविहीर. नवा येणारा प्रत्येक केमिस्ट तिच्यापाशी अडखळतो, कारण कॉलेजात त्याच्या हाताला नेमकी उलटी सवय लागलेली असते. आमच्या फर्मची वाटचाल लिहायला बसलो आणि लक्षात आलं, की सगळं या ओळीपाशीच येऊन थांबतं.

१९९६ साली नोकरी सोडून मी एमआयडीसीत भाड्याने गाळा घेतला. हजार लिटरची एक फायबरची टाकी, तिला ढवळणी, दोन कामगार आणि हिशेबाला माझी पत्नी. माल एकच, कूलिंग टॉवरची, म्हणजे कारखान्याचं पाणी थंड करणाऱ्या मनोऱ्यांची केमिकल्स. पहिली बारा-तेरा वर्षं आसपासच्या कारखान्यांवरच निघाली. त्या काळाबद्दल फार सांगण्यासारखं नाही, पण स्केल म्हणजे काय हे आम्ही तिथे शिकलो, टॉवरच्या आत उतरून, हातात खरवडणी घेऊन.

ज्यांच्या घरी बोअरचं पाणी येतं त्यांना स्केल समजावून सांगावं लागत नाही. गीझरच्या कॉइलवर क्षार चढतो, तेच हे. तेलविहिरीतून नुसतं तेल येत नाही, त्याच्यासोबत खारं पाणी येतं, आणि विहीर जुनी होत जाते तसं पाणी वाढत जातं. खाली थरात, म्हणजे तेल धरून असलेल्या खडकात, ते दाबाखाली असतं आणि त्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. वर येताना दाब उतरतो, सोड्याची बाटली उघडावी तसा वायू सुटतो, पाण्याचा पीएच चढतो आणि कॅल्शियम कार्बोनेट नळीच्या आतून धरायला लागतं. समुद्राचं पाणी थरात सोडत असतील तर आणखी एक दुखणं. समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट आणि थरातल्या पाण्यातलं बेरियम एकत्र आलं की बेरियम सल्फेट तयार होतं. कार्बोनेट निदान हायड्रोक्लोरिक ऍसिडने सुटतं, बेरियम सल्फेट त्यालाही दाद देत नाही.

यावर इलाज म्हणजे स्केल इनहिबिटर. मला या रसायनाचं आजही नवल वाटतं. पाण्यातला कॅल्शियम सगळाच्या सगळा बांधून ठेवायचा तर किलोच्या किलो रसायन लागेल. इनहिबिटर तसं करत नाही. लिटरभर पाण्यात पाच-दहा मिलिग्रॅम पुरतं, कारण ते नुकत्याच जन्मलेल्या स्फटिकाच्या वाढत्या कडेवर जाऊन बसतं आणि पुढचा थर चढू देत नाही. फॉस्फोनेट म्हणून ओळखली जाणारी रसायनं यात मातब्बर. आम्ही टॉवरसाठी तीच वापरत होतो, त्यामुळे २००९ मध्ये एका सेवा-ठेकेदारामार्फत तेलक्षेत्रातली पहिली ऑर्डर आली तेव्हा वाटलं, माल तोच, फक्त ड्रम जास्त.

मराठी माणसाला तेल म्हटलं की मुंबई हाय आठवतं. १९७४ चा शोध, सागर सम्राट, १९७६ ला सुरू झालेलं उत्पादन, उरणचा प्रकल्प. आमच्या पनवेल-उरण पट्ट्यात तर त्या कामाशी संबंध नसलेलं घर शोधावं लागेल. पण मुंबई हायचा मुख्य थर चुनखडकाचा आहे. आमच्या वाट्याला आलं ते गुजरातमधलं, खंभातच्या खोऱ्यातलं जमिनीवरचं काम, आणि तिथे तेल वालुकाश्मात आहे. चुनखडक आणि वालुकाश्म यांतला फरक शाळेच्या भूगोलात वाचला होता. धंद्याच्या वहीत तो कुठे येतो हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

तीन विहिरी होत्या. तिन्हींवर सकर रॉड पंप, म्हणजे शेताकडेने जाताना घोड्यासारखी मान वरखाली करणारी यंत्रं दिसतात ती. ठेकेदाराने पाण्याचं विश्लेषण पाठवलं. आम्ही त्या आकड्यांवरून लॅबमध्ये तसंच पाणी बनवलं आणि रीतसर बाटली-चाचणी केली, म्हणजे त्यात इनहिबिटर घालून बाटल्या ७१ अंशांना २४ तास ठेवल्या. दहा पीपीएमला, म्हणजे लिटरला दहा मिलिग्रॅमला, बाटल्या काचेसारख्या नितळ. मी स्वतः त्या उजेडात धरून पाहिल्या होत्या. माल गेला, डोसिंग पंप लागले, पहिलं बिल वेळेवर निघालं.

दोन विहिरी उत्तम चालल्या. तिसरीचा पंप दीड महिन्यात अडकला. वर काढला तर व्हॉल्व्हवर आणि नळीत बोटभर जाड थर. डोस पंधरा केला, मग पंचवीस. विहीर पुन्हा अडकली. दर वेळी वर्कओव्हर रिग, म्हणजे विहिरीच्या दुरुस्तीचा सांगाडा, लावायची म्हणजे लाखांचा खर्च आणि तेवढे दिवस तेल बंद. मग व्हायचं तेच झालं. तुमच्या ड्रममध्ये पाणी आहे, असं आम्हाला तोंडावर ऐकवलं गेलं. बिल अडकलं. प्रत्येक बॅचचा राखून ठेवलेला नमुना आम्ही काढून तपासला, माल चोख होता, पण ते कागद कोण बघतो? त्या दिवाळीचा बोनस मी बँकेच्या कॅश क्रेडिटमधून उचलून दिला. दोन रात्री झोप आली नाही, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी मी अहमदाबादची गाडी धरली.

विहिरीवर एक वयस्क पंपर, म्हणजे पंपावर देखरेख करणारे, होते. मी वेलहेडच्या, म्हणजे विहिरीच्या तोंडाच्या, नळाला कॅन लावला तसे ते शेजारी उकिडवे बसले आणि म्हणाले, “साहेब, आ कूवामां रेती बहु आवे छे.” या विहिरीत रेती फार येते. कधीपासून, विचारलं. मागच्या वर्कओव्हरनंतर, ते म्हणाले. विहीर साध्या गोड्या पाण्याने धुतली होती, तेव्हापासून. वर्षभर ते हे पाहत होते, आणि ठेकेदाराकडून, कंपनीकडून किंवा आमच्याकडून कोणी त्यांना विचारलं नव्हतं. त्या दिवशी त्यांच्याबरोबर प्यायलेला अर्धा कप चहा मी विसरणार नाही.

गोड्या पाण्याचं त्यांनी सांगितलं, त्यामागे शास्त्र आहे. वालुकाश्मातल्या वाळूच्या कणांमध्ये चिकणमाती बसलेली असते, आणि ती खाऱ्या पाण्यात शांत असते. एकदम गोडं पाणी लागलं की काही माती फुगते, काही कणांपासून सुटते आणि प्रवाहाबरोबर निघते. म्हणूनच जाणते लोक विहिरीत उतरवायच्या पाण्यात दोन-तीन टक्के पोटॅशियम क्लोराइड घालतात.

कॅन घेऊन तळोज्याला आलो. पाणी चहाच्या रंगाचं. तळाशी वाळू लगेच बसली, पण वरचा गढूळपणा दुसऱ्या दिवसापर्यंत तसाच. लॅबमधल्या मुलाने पद्धतीप्रमाणे ०.४५ मायक्रॉनच्या मेंब्रेनमधून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) ते गाळलं, खालच्या नितळ पाण्यात फॉस्फोनेट मोजलं आणि चक्रावून माझ्याकडे आला. पंचवीसचा डोस चालू असताना पाण्यात जेमतेम चार. मेंब्रेन त्याच्या चिमट्यात होतं, वर तपकिरी साय धरलेली. “दादा, हे टाकून देऊ?”

टाकू दिलं नाही. ती साय आम्ही सौम्य कॉस्टिकच्या द्रावणात धुतली, कारण पाणी अल्कली झालं की मातीची फॉस्फोनेटवरची पकड ढिली पडते. त्या धुवणातलं फॉस्फोनेट परसल्फेटने फोडून त्याचं फॉस्फेट केलं आणि मॉलिब्डेटची चाचणी लावली. फॉस्फेट असेल तर यात निळा रंग चढतो. तीन नळ्या ओळीने ठेवल्या. पहिलीत गाळलेलं पाणी, फिकट आकाशी. दुसरीत डोस सुरू होण्याआधीच्या जुन्या कॅनमधला गाळ, तशाच रीतीने धुतलेला, कारण मातीतली सिलिकाही या चाचणीत थोडी निळाई दाखवू शकते आणि ती वजा करायची होती. ती नळी जवळपास कोरी. तिसरीत त्या तपकिरी सायीचं धुवण. दहा मिनिटांत ती नळी निळीच्या पाण्यासारखी गडद झाली. आमचा माल ड्रममधून विहिरीत पुरेपूर जात होता आणि वर येईपर्यंत मातीने तो गिळलेला असायचा.

हे इतकं कसं, असं मला घरी पत्नीने विचारलं. मी तिला ज्वारीचं उदाहरण दिलं. मूठभर ज्वारीच्या दाण्यांवर चमचाभर तेल टाकलं तर दाणे माखतात आणि तेल खाली उरतं. तीच मूठभर ज्वारी दळून आणून पिठात तेवढंच तेल टाकलं तर ते कुठे गेलं हेही कळत नाही. शंभर मायक्रॉनचा वाळूचा कण आणि दोन मायक्रॉनचा कण, दोन्हींचं वजन सारखं घेतलं तर बारकाचा पृष्ठभाग पन्नासपट असतो. मातीचं तर विचारूच नका. एक ग्रॅम केओलिन या चिकणमातीचा पृष्ठभाग दहा ते वीस चौरस मीटर, म्हणजे चमच्याच्या टोकावर चाळीतल्या खोलीची अख्खी जमीन. माँटमोरिलोनाइट ही फुगणारी माती असेल तर शेकडो चौरस मीटर. जाड वाळू पंप झिजवते, व्हॉल्व्ह कापते, ते नुकसान डोळ्यांना दिसतं. इनहिबिटरचा घात मात्र डोळ्यांना न दिसणारा गाळ करतो. पाण्यातला कॅल्शियमही यात मातीच्या बाजूने असतो. मातीचा ऋणभारित पृष्ठभाग आणि फॉस्फोनेट यांच्यामध्ये तो दुव्यासारखा बसतो.

गाळाचा दुसरा उपद्रव आम्हाला स्केलच्याच तुकड्याने दाखवला. पंपावरून काढलेला तुकडा बशीत ठेवून त्यावर सौम्य ऍसिड सोडलं. फसफसून कार्बोनेट विरघळलं आणि तळाला तपकिरी रेव उरली, तुकड्याच्या आतून निघालेली. क्षाराला धरायला काहीतरी लागतं. नितळ पाण्यात, काचेच्या बाटलीत, त्याला बूड सापडत नाही म्हणून तो उशिरा धरतो. गढूळ पाण्यात प्रत्येक कण हे त्याला तयार बूड असतं. म्हणजे इनहिबिटर कमी उरतो आणि त्याचं काम मात्र वाढतं. त्यात वाळू-माती आणि क्षार एकमेकांना सांधतात, आणि असा थर नुसत्या क्षारापेक्षा पुष्कळ चिवट होतो.

आमची बाटली-चाचणी खोटी नव्हती. आम्ही ती वेगळ्याच पाण्यावर केली होती. पुढचे चार महिने लॅबमध्ये फक्त गाळासकट पाणी चाललं. नुसतं फॉस्फोनेट वाढवत नेणं परवडणारं नव्हतं, शिवाय ते अति झालं की कॅल्शियमबरोबर त्याचाच साका बसतो. शेवटी फॉस्फोनेट कमी केलं आणि त्याच्या जोडीला सल्फोनेटेड कोपॉलिमर घातलं. पॉलिमर मातीच्या कणांवर चढतो खरा, पण चढून त्यांना एकमेकांपासून दूर ठेवतो, गोळा होऊ देत नाही, आणि फॉस्फोनेट बरंचसं पाण्यात राहतं. तुरटी फिरवल्यावर गाळ जसा एकत्र येऊन बसतो, त्याच्या अगदी उलट काम. महाग पडलं. किलोमागे आमचा नफा निम्म्यावर आला, पण तिसरी विहीर त्या मालावर अकरा महिने न अडकता चालली. पंपाचे स्ट्रोक एकदम वाढवू नका, हळूहळू वाढवा, हेही आम्ही सुचवलं आणि त्यांनी मानलं. प्रवाहाला अचानक झटका बसला की सर्वांत जास्त माती सुटते. वाळू अडवण्याची जाळी बसवणं हे विहीरवाल्यांचं काम, त्यात आम्ही पडत नाही. अडकलेलं बिल सात महिन्यांनी निघालं.

स्क्वीझच्या कामात हीच गोष्ट उलटी होते आणि मला तिची जास्त भीती वाटते. स्क्वीझमध्ये इनहिबिटर दाबाने थरातच भरून ठेवतात, म्हणजे तो खडकावर चिकटून बसेल आणि काही महिने थोडाथोडा सुटत राहील. तिथे मातीची भूक कामाला येते. पण फॉस्फोनेट मुळात आम्लधर्मी असतं. वाळूचे कण कार्बोनेटने सांधलेले असतील तर ते आम्ल तो सांधाच विरघळवतं, कण मोकळे होतात आणि आपण ज्या खडकावर रसायन ठेवलं तोच रसायनासकट वर यायला लागतो. उदासीन करून घातलं तर खडक वाचतो, पण चिकटतं कमी. या दोन्हींच्या मधला पीएच प्रत्येक थरासाठी वेगळा काढावा लागतो, आणि कोअरचा, म्हणजे थरातून कापून काढलेल्या खडकाचा, तुकडा हातात आल्याशिवाय आम्ही स्क्वीझची ऑर्डर घेत नाही. दोन कामं यापायी सोडली. त्याचं दुःख नाही.

आज आम्ही चौदा जण आहोत. तेव्हा “टाकून देऊ?” विचारणारा मुलगा आता लॅब सांभाळतो, भिंतीवरची ओळ त्यानेच रंगवली आहे. महागडं कणमापक यंत्र आमच्याकडे अजून नाही, तो नमुना आम्ही बाहेर पाठवतो. पण शंभर मिलीचा मोजनळा आणि भिंतीवरचं घड्याळ यांवर पहिल्या तासात बरंच कळतं.

आमच्याकडे नमुना पाठवणाऱ्यांना तेवढ्यासाठी विनंती आहे. नळ उघडल्यावर पहिलं पाणी सोडून द्या, मग पाच लिटरचे दोन कॅन भरा, गाळू नका, निवळू देऊन वरचं नितळ तेवढं ओतू नका. पीएच आणि बायकार्बोनेट तिथेच, विहिरीवरच मोजा, कारण कॅन इथे पोहोचेपर्यंत वायू निघून गेलेला असतो. मागचं वर्कओव्हर कधी झालं आणि विहीर कोणत्या पाण्याने धुतली ते चिठ्ठीवर लिहा. आणि त्या विहिरीवर रोज उभा राहणारा जो माणूस असेल, त्याचा मोबाइल नंबर चिठ्ठीच्या खाली द्या. आमचा पहिला फोन त्याला जातो.