पांडवलेणी ते सारूळ: खणलेला डोंगर आणि खालचा ओहोळ

नाशिकच्या पांडवलेण्यांत तीन नंबरच्या लेण्यापाशी बहुतेक जण नक्षीकाम बघून पुढे सरकतात. तुम्ही मात्र व्हरांड्यातल्या ब्राह्मी लेखापाशी थांबा. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने राजवटीच्या १८ व्या वर्षी गोवर्धन इथल्या अमात्याला, म्हणजे आपल्या अधिकाऱ्याला, पाठवलेला हुकूम तिथे कोरलेला आहे. भिक्षूंना २०० निवर्तनं (जमीन मोजायचं जुनं माप) शेत दिलं, आणि सोबत बजावलं की त्यात राजाच्या माणसांनी शिरायचं नाही, मिठासाठी खणायचं नाही. जमीन कोणी खणायची हे सरकारने लेखी ठरवण्याची रीत नाशिकला इतकी जुनी आहे.

खाली उतरून हायवेने विल्होळी गाठली आणि दगडखाणींच्या सारूळच्या बाजूला वळलो. थोड्याच वेळात झाडांची पानं राखाडी दिसायला लागली. समोरून खडीचे हायवा, म्हणजे मोठे डंपर, येत होते. एका बंद खाणीच्या काठाशी गेलो. काळ्या पाषाणाचा उभा कडा, त्यावर सुरुंगाच्या भोकांच्या अर्ध्या नळ्या ओळीने उमटलेल्या, तळाला हिरवं पाणी. कुंपण नाही, साधी दगडांची आडही नाही. शेजारीच टोमॅटोचं वावर आणि गुरांची वाट.

खालच्या अंगाला ओहोळ आहे. पाण्यात हात घातला तर बोटांना पिठासारखी मऊ भुकटी लागली. तिथे गुरं पाजणारे एक बाबा म्हणाले, "पाऊस पडला का हे सगळं खाली येतं, भाऊ. विहिरीत बी उतरतं. मोटर किती वेळा काढायची?"

नियम नाहीत असं नाही. दगड, मुरूम, वाळू ही गौण खनिजं. १९५७ च्या खाण-खनिज कायद्याच्या कलम १५ ने त्यांचे नियम करायचा अधिकार राज्याकडे आहे. २०१२ मध्ये दीपक कुमार खटल्यात सुप्रीम कोर्टाने ५ हेक्टरांहून लहान खाणपट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी सक्तीची केली. पुढच्याच वर्षी गौण खनिजांसाठी महाराष्ट्राचे नवे नियम आले. चोरून खणलं तर जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होतो. ईटीएस हे मोजणीचं मशीन लावून खड्डा मोजतात, त्यावरून ब्रास (१०० घनफुटांचं माप) काढतात, ब्रासवर रॉयल्टी लावतात. काढलेल्या दगडाचा हिशेब असा काटेकोर. जमीन पूर्ववत किती केली, हे मात्र कोण मोजतं? त्या काठावर उभं राहून मला याचाच राग येत होता.

काय करायचं ते काही गूढ नाही. खणण्याआधी वरची माती सोलून वेगळी ठेवायची, कडा उभा न तोडता पायऱ्या ठेवत उतरायचं, ओहोळाच्या बाजूला गाळ अडवायचे खड्डे करायचे, काम संपलं की तीच माती पसरून झाडं लावायची. २०२७ च्या कुंभमेळ्यासाठी रस्ते होताहेत, खडी लागणारच, तेव्हा खाणी बंद करा असं मी म्हणणार नाही. पण खाणपट्टा देतानाच भरभक्कम अनामत घ्यावी आणि माती परत पसरून, त्यानंतरचे दोन पावसाळे ओहोळ स्वच्छ वाहिल्यावरच ती सोडावी. आणि जमीन पूर्ववत झाल्याचा दाखला देताना तलाठ्याबरोबर ओहोळकाठचे शेतकरीही पंच म्हणून हवेत.

तिकडे गेलात तर सुरुंगाची वेळ गावात आधी विचारून घ्या. खाणीच्या अगदी काठावर जाऊ नका, तिथला मुरूम पायाखालून सुटतो.