दिवाळी अंकांची सूची: या वेळी फक्त फॉर्म

गेल्या नोंदीनंतर सूचीत नवे अंक जवळजवळ चढलेच नाहीत. सूची ड्रुपल या वेबसाइट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आहे, आणि सगळा वेळ तिथल्या ‘अंक’ या कंटेंट टाइपचा, म्हणजे नोंदीच्या साच्याचा, फॉर्म आवरण्यात गेला. फील्ड्स, म्हणजे माहितीचे रकाने, जशी सुचली तशी एकाखाली एक लागत गेली होती, त्यामुळे छापील किंमत मुद्रकाखाली आणि पृष्ठसंख्या थेट कपाट क्रमांकाशेजारी.

नव्या मांडणीला कसोटी एकच: अंक हातात घेतल्यावर तो ज्या क्रमाने उलगडतो, तोच क्रम फॉर्मचा. आधी मुखपृष्ठ, म्हणजे नाव, वर्ष, छापील किंमत. मग आतलं श्रेयाचं पान: संपादक, प्रकाशक, मुद्रक, मुखपृष्ठाचा चित्रकार. मग अनुक्रमणिका. मग अंक मिटून शेवटचा पृष्ठांक, बांधणी, वाळवीची भोकं. कपाट आणि खरेदी अगदी तळाशी. आता एक पान दोनदा उघडावं लागत नाही.

हत्यार नेहमीचंच, फील्ड्सचे गट पाडणारं फील्ड ग्रुप मॉड्यूल (ड्रुपलला जोडायची पुरवणी). ‘मॅनेज फॉर्म डिस्प्ले’ या फॉर्मच्या मांडणीच्या पानावर गट तयार करायचा, फील्ड ओढून त्याच्याखाली आणायचं आणि किंचित उजवीकडे सरकवायचं. नुसतं खाली ठेवलं तर ते गटात जात नाही, शेजारी बसतं. डेटाला यात कुठेच हात लागत नाही. वाचकाला दिसणाऱ्या पानाचे गट मात्र ‘मॅनेज डिस्प्ले’वर वेगळे करावे लागतात.

गट टॅबमध्ये मांडले होते. टॅब दिसायला देखणे, पण मी ते काढले. मिटलेल्या टॅबमधलं कंट्रोल-एफला सापडत नाही, आणि काय भरायचं राहिलं ते नजरेला येत नाही. त्याऐवजी पहिले गट साधे फील्डसेट, म्हणजे चौकटी, सतत उघडे. खरेदीचा तेवढा ‘डीटेल्स’, म्हणजे उघड-मीट होणारा, तो मिटलेला. मिटलेल्या गटात सक्तीचं फील्ड ठेवायचं नाही, हा नियम मी पाळतो. दडलेल्या रिकाम्या फील्डवर ब्राउझर अडला, तर सेव्ह का होत नाही ते कळायला ब्राउझरचा कन्सोल, म्हणजे चुकांचे संदेश दाखवणारी खिडकी, उघडावा लागतो.

शक संवताचं फील्ड फॉर्मवरून उडवलं. दिवाळीच्या अंकाला इसवी सनातून ७८ वजा केले की झालं. १९७५चा अंक म्हणजे शके १८९७. जे मोजून निघतं ते हाताने कशाला भरायचं?

सगळ्यात मजा आली ‘झटपट’ फॉर्म मोडमध्ये, म्हणजे त्याच नोंदीच्या छोट्या, दुसऱ्या फॉर्ममध्ये. फोर्टच्या फुटपाथवर उभ्या-उभ्या मोबाइलवर भरायचा, म्हणून त्यात चारच गोष्टी: नाव, वर्ष, मुखपृष्ठाचा फोटो, विक्रेत्याने सांगितलेला भाव. मोड कोअरमध्येच, म्हणजे मूळ ड्रुपलमध्येच, बनतो, पण तो उघडायचा पत्ता आपोआप मिळत नाही. त्यासाठी फॉर्म मोड मॅनेजर हे मॉड्यूल लावलं. फॉर्मवर नसलेलं फील्ड सक्तीचं असलं तरी ड्रुपल सेव्ह करताना अडत नाही. संपादकाचं नाव रिकामं ठेवून नोंद होते आणि घरी पूर्ण फॉर्म उघडला की तो ते मागतो. मला हवं होतं नेमकं तेच.

अनुक्रमणिका पॅराग्राफ्स या मॉड्यूलवर आहे, प्रत्येक लेखाला फील्ड्सचा एक संच: लेखक, शीर्षक, प्रकार, पान. जुने लेख आता मिटलेले, नुसता सारांश दाखवतात, त्यामुळे जाडजूड अंकाचाही फॉर्म आवाक्यात राहतो.

साइटच्या सेटिंगच्या फाइलमधले बदल गिटमध्ये नोंदवून ठेवणाऱ्यांसाठी एक सूचना. एक फील्ड ओढलं तरी ‘कोअर.एंटिटी_फॉर्म_डिस्प्ले’च्या फाइलमध्ये आजूबाजूच्या कितीतरी फील्ड्सचे ‘वेट’, म्हणजे क्रम ठरवणारे आकडे, बदलतात. डिफ, म्हणजे बदललेल्या ओळींची यादी, बघून दचकू नका. गटाचा मजकूर ‘थर्ड_पार्टी_सेटिंग्ज’खाली शोधा, खरा बदल तिथेच असतो.

पुढचं काम ‘अवस्था’ या फील्डचं. सध्या तिथे मोकळा मजकूर आहे आणि मीच कधी ‘पिना गंजल्या’, कधी ‘पिन गंजकी’ असं लिहून ठेवलंय. टॅक्सॉनॉमी, म्हणजे ठरावीक शब्दांची यादी, करायची आहे, पण एका अंकाला दोन-तीन दुखणी असतात, तेव्हा ऑटोकम्प्लीट (टाइप करताना शब्द सुचवणारं) ठेवावं की चेकबॉक्स? कुणी दोन्ही वापरून पाहिलं असेल तर सांगा.