स्कॉटिक्रॉनिकॉन वाचन : सोळाव्या पुस्तकापर्यंत मजल

मंडळी, स्कॉटिक्रॉनिकॉन म्हणजे वॉल्टर बाउअरने लॅटिनमध्ये लिहिलेली स्कॉटलंडची बखर. तिचं शेवटचं, सोळावं पुस्तक हातात घेतलंय. लॅटिन माझं जेमतेम, त्यामुळे भिस्त सगळी इतिहासकार डी. ई. आर. वॉट यांच्या देखरेखीखाली १९८७ ते १९९८ दरम्यान निघालेल्या नऊ खंडांवर. त्यात मूळ आणि इंग्रजी समोरासमोर आहे, त्यामुळे अडलं की नजर पलीकडे टाकायची.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात : बाउअर १३८५च्या सुमाराचा, हॅडिंग्टनचा. १४१८पासून फोर्थच्या खाडीतल्या इंचकोम बेटावर मठाधिपती. रोसाइथच्या सर डेव्हिड स्ट्यूअर्टने गळ घातली म्हणून १४४०च्या दशकात हा ग्रंथ रचला आणि १४४९च्या डिसेंबरात गेला.

पहिली पाच पुस्तकं बरीचशी जॉन फोर्डन या त्याच्या आधीच्या बखरकाराची. फारोची लेक स्कोटा इजिप्तहून निघते आणि तिच्यापासून स्कॉट लोक! बखरी वाचणाऱ्यांना अशा वंशावळींचं नवल नाही, पण मी तिथे अक्षरशः रखडलो. तरलो ते समासातल्या खुणांमुळे. फोर्डनचा मजकूर कुठला आणि आपली भर कुठली, हे बाउअर स्वतःच दाखवून देतो. त्या काळी इतका प्रामाणिकपणा कोण करत होतं? मी आता त्याच्या भरीवर पेन्सिलीने रेघ मारतो आणि आधी तेवढंच वाचतो.

पाचव्या पुस्तकातली इंचकोमची गोष्ट अशीच त्याची. ११२३ साली स्कॉटलंडचा राजा पहिला अलेक्झांडर खाडी ओलांडताना वादळात सापडतो, नवस बोलतो आणि कसाबसा बेटाला लागतो. तिथे एकटाच संन्यासी. एका गाईचं दूध आणि किनाऱ्यावर वेचलेले शिंपले, बारीक मासळी, एवढ्यावर त्याचा गुजारा. तेच राजा आणि त्याची माणसं तीन दिवस खातात. या नवसातून मठ उभा राहिला, असं त्या मठाचाच प्रमुख सांगतोय, हे ध्यानात ठेवून वाचावं. पण ती गाय काही डोक्यातून जात नाही.

१२६६च्या नोंदीत रॉबिन हूड भेटतो. बाउअर त्याला सरळ खुनी म्हणतो, त्याची गाणी गाणाऱ्या लोकांना मूर्ख ठरवतो, आणि लगेच त्याच्या भक्तीची गोष्ट रंगवून सांगतो. साहेबांना मोह आवरला नाही!

सोळाव्यात मात्र माणूस स्वतः साक्षीदार आहे. इंग्लंडच्या कैदेतून सुटलेल्या राजा पहिल्या जेम्सच्या खंडणीसाठी १४२४मध्ये पौंडामागे बारा पेन्स कर बसला, आणि हिशेब तपासणाऱ्यांत बाउअर होता. पहिल्या वर्षी चौदा हजार मार्क (मार्क म्हणजे दोन तृतीयांश पौंड) जमले, दुसऱ्या वर्षी फारच कमी. लोक कुरकुरू लागले. स्कोटाच्या सगळ्या प्रवासापेक्षा मला हे अर्धं पान मोलाचं वाटतं. राजाचं तोंडभरून कौतुक पुढे येतंच, पण ते १४३७च्या खुनानंतर, नवा राजा लहान असतानाच्या बजबजपुरीत लिहिलेलं आहे.

पुढच्या वेळी ती कौतुकाची प्रकरणं. वॉल्टर गुडॉलने संपादित केलेल्या १७५९च्या छापील आवृत्तीचं स्वच्छ स्कॅन कुणाकडे असेल तर सांगा, शेवटची काही प्रकरणं ताडून पाहायची आहेत.