मुलांना कपडे किती लागतात? आमच्या दोरीचा हिशोब

धाकट्याची निळी पँट सापडत नव्हती म्हणून कपाटाचा खालचा खण ओढला, तर खणच बाहेर येईना. आत कपडे इतके कोंबले होते की वरची बाही खाचेत अडकून बसली होती. मे महिन्यातला शेवटचा रविवार, डोंबिवलीत घामाच्या धारा आणि त्यात लाइट गेलेले. चिडून दोन्ही पोरांचे सगळे कपडे पलंगावर ओतले आणि, काय सुचलं कोण जाणे, मोजायला बसले.

धाकटा तेव्हा दीड वर्षाचा, मोठी साडेचारची. धाकट्याचे वरचे कपडे निघाले ५३, खालचे ३४. मोठीचे नुसते फ्रॉकच २२. निळी पँट बाहेर दोरीवर वाळत होती. म्हणजे ३४ पँटी असूनही आम्ही त्या दोरीवरच्या चार-पाचच फिरवत होतो, आणि बाकीच्यांमुळे खण उघडत नव्हता.

एवढे आले कुठून, तेही कळलं. बारशाला आलेले, पहिल्या वाढदिवसाला आलेले, नणंदेच्या मुलीचे दोन पिशव्या भरून आलेले. बारशाच्या ढिगात दोन-तीन जोड तर किमतीच्या चिठ्ठीसकट तसेच होते. मूल जन्मतं साधारण ५० सेंटिमीटरचं आणि पहिल्या वर्षात जवळजवळ २५ सेंटिमीटर वाढतं. त्यामुळे तीन महिन्यांच्या मापाचा जरीचा कुर्ता घालायला मुहूर्त शोधेपर्यंत त्यात हात शिरायचा बंद होतो. पाहुण्यांना दोष देत नाही, मीही दुसऱ्यांच्या बाळांना हेच नेलंय. आणि ढिगातले निम्मे तर मीच आणलेले. ‘दोनावर एक फुकट’ अशी पाटी दिसली की मला मुलं आठवतात, स्वतःचा गाऊन आठवत नाही.

सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, “आमच्या वेळी चार झबली, दोन टोपडी, डझनभर लंगोट आणि जुन्या लुगड्यांची दुपटी. तेवढ्यावर तीन पोरं वाढली.” बारशापर्यंत तर बाळाला नवं काही घालायचंच नाही, हा आमच्याकडचा रिवाज. कुणाच्या तरी धडधाकट पोराचं वापरलेलं झबलं मागून आणायचं. बऱ्याचदा धुतलेलं सुती कापड मऊ पडतं, टोचत नाही, हे त्यामागचं शहाणपण मला मूल झाल्यावर कळलं.

पण त्या ‘चार झबल्यां’नी माझं डोकं फिरलं, हेही खरं. मी म्हटलं, “आई, तुमच्याकडे मिरजेला अंगण होतं. सकाळी वाळत घातलं की दुपारी घड्या. इथे गॅलरीत चार दांड्या, आणि जुलैत टॉवेल तीन दिवस ओला.” त्या म्हणाल्या, “मग दांड्या मोज. कपडे काय मोजतेस?”

टोमणा होता, पण माझी गाडी त्यानेच रुळावर आली.

तीन आठवडे फ्रिजवरच्या कॅलेंडरवर मी रेघा मारल्या. ज्याचा कपडा धुवायच्या बादलीत पडेल, त्याच्या नावाने एक रेघ. धाकट्याचे दिवसाला सरासरी तीन जोड निघाले : सकाळी एक, पाळणाघरात वरणभातानंतर एक, संध्याकाळी अंघोळ करून एक. मोठीचा गणवेश वेगळा धरला, तर घरचे दोन. तिने संध्याकाळी घातलेला कपडा रात्री झोपायला चालतो. हा साक्षात्कार होईपर्यंत आम्ही उगाचच तिसरा काढत होतो.

मग हिशोब सोपा होता. दिवसाला किती मळतात, गुणिले धुवायला टाकल्यापासून पुन्हा अंगात चढेपर्यंतचे दिवस. आमचं मशीन रात्री लागतं. उन्हाळ्यात रात्री टाकलेले कपडे सकाळी दहाला कडक वाळतात. म्हणजे आजचे तीन अंगावर आणि कालचे तीन दोरीवर, झाले सहा. मी मोठ्या अभिमानाने धाकट्याचे सहा जोड खणात ठेवले, मोठीचे पाच. बाकीचं बोचक्यात बांधून माळ्यावर टाकलं. नवरा म्हणाला, “देऊन टाक की.” नशीब, आळस केला.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात चार दिवस पाऊस उघडलाच नाही. लोकल बंद, पाळणाघर बंद, आणि नेमके धाकट्याला जुलाब. पहिल्या दिवशी आठ पँटी झाल्या. सहाच होत्या, मग दोन कुठून आल्या? एक इस्त्रीने वाळवली, एक ओलसरच चढवली. दुसऱ्या दिवशी दुपारी चारला घरात त्याच्या मापाचं कोरडं काहीही नव्हतं. हॉलमध्ये पंख्याखाली खुर्च्यांच्या पाठींवर, दाराच्या कडीवर, टीव्हीच्या कोपऱ्यावर कपडे टांगलेले, आणि घरभर तो ओल्या कपड्यांचा कुबट वास. पोराला माझ्या ओढणीत गुंडाळून बसवलं. शेवटी मोठीने तिचा पिवळा फ्रॉक आणून दिला. त्याला तो पायघोळ झाला, पण स्वारी खूश, घरभर गिरक्या. मी ओशाळून सासूबाईंकडे बघितलं, तर त्या निवांत : “झबल्याला कुठे असतं मुलगा-मुलगी? खालून मोकळं, लंगोट बदलायला बरं.” जुलाबाच्या पोराला फ्रॉक ही युक्ती मी नंतर दोन मैत्रिणींना सांगितली, दोघींनी दुवा दिला.

रात्री नवरा स्टुलावर चढला आणि बोचकं खाली आलं.

चूक कुठे झाली, ते बोचकं सोडताना लक्षात आलं. एक तर पाळणाघराच्या पिशवीत दोन जोड कायम पडून असतात, ते मी धरलेच नव्हते. ते आपल्या कपाटातले नसतातच, पाळणाघराचेच समजायचे. दुसरं, पावसात वाळायला एक नव्हे दोन दिवस लागतात. म्हणजे तीन गुणिले तीन, नऊ. पिशवीतले दोन, आजारपणाला एक. धाकट्याला पावसाळ्यात १२, एरवी ८ किंवा ९. मोठीला पावसाळ्यात ७, एरवी ५. तेव्हापासून मृग लागायच्या सुमारास धाकट्याचे तीन-चार आणि मोठीचे दोन जोड माळ्यावरून खाली येतात आणि नवरात्र उलटलं की वर जातात. गणपतीच्या मखराचं सामान उतरवावं तसंच.

आमचा आकडा तुमच्या घरी लागू पडेलच असं नाही. सोलापूरला किंवा नागपूरला राहणाऱ्यांचे एप्रिलमधले कपडे दोन तासांत वाळत असणार, त्यांना आमच्या निम्म्यात भागेल. ज्यांच्याकडे एक दिवसाआड मशीन लागतं, त्यांना आमच्यापेक्षा जास्त लागतील. मैत्रिणी मला आकडा विचारतात, मी त्यांना दोरी विचारते.

आणखी एक गोष्ट रेघांमुळेच कळली. वरचे आणि खालचे कपडे कधीच सारखे लागत नाहीत. दुकानात मात्र जोडच मिळतात. दिवाळीच्या सुट्टीत धाकट्याचं डायपर सोडवायला घेतलं, तेव्हा एका दिवसात ११ चड्ड्या आणि एकच शर्ट अशी गत होती. तेव्हा फडके रोडवर जाऊन साध्या होजिअरीच्या १५ चड्ड्या आणल्या. माझी सर्वांत शहाणपणाची खरेदी तीच. दोन-अडीच महिन्यांत काम झालं, चड्ड्या विटल्या, त्यांची फडकी केली. मोठीचं उलटं. शाळेने गणवेशाचे दोन जोड सांगितले होते, सगळ्या आया तिसरा घेत होत्या. मी तिसरा नुसता स्कर्ट घेतला. रिक्षातून उतरताना चिखल खालीच उडतो, शर्टावर फार तर डब्यातली भाजी.

बाहेर जायचे प्रत्येकी दोन. एक स्वेटर, तोही मिरजेला गेलो तरच. रेनकोट एक माप मोठा. मोज्यांचा हिशोब मी सोडून दिला आहे. बोरनहाणाचं काळं झबलं आमच्या घराण्यात एकच आहे, त्याच्या शिवणीत अजून हलव्याचे दोन दाणे अडकलेत आणि आतापर्यंत ते पाच पोरांच्या अंगावरून गेलंय. ते मोजायचं नाही.

उरलेल्या ढिगाचं काय? बोहारणीला दाखवला. तिने छोटे कपडे एका हाताने बाजूला सारले आणि म्हणाली, “साहेबांची पँट असेल तर बोला.” एवढ्या ढिगावर एक चहाचं गाळणंसुद्धा सुटलं नाही. मग आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना विचारलं. त्यांची नात तीन वर्षांची. मी आधी नेटचा, टिकल्यांचा गुलाबी फ्रॉक पुढे केला, तर त्यांनी आतून हात फिरवून पाहिला. “ताई, हा टोचतो काखेत. मला रोजचे चार द्या, तिकडे पण दोरी एवढीशीच आहे.” मी गप्प. माझ्या मुलीनेही तो फ्रॉक पाच मिनिटांत रडून काढायला लावला होता, आणि मी तोच उदार मनाने पुढे केला होता. त्यांनी स्वतःच्या हाताने निवडले, मी गोधडीसारखी घडी करून दिले.

नातेवाइकांचं कोडं मात्र पुरतं सुटलेलं नाही. “कपडे नकोत, गोष्टीचं पुस्तक आणा,” असं मी एकदा तोंडावर सांगितलं, तर सासूबाईंच्या बहिणीला राग आला. चार महिने फोन नाही. बारशाला, वाढदिवसाला अंगाला लागेल असं काही द्यावं, ही त्यांची माया, आणि मी तिला खणातली अडचण म्हणत होते. आता मी वेगळं सांगते : “मावशी, आत्ताचं भरपूर आहे, पुढच्या वर्षीच्या मापाचं आणा.” मावशी खूश, आणि पुढच्या जूनची खरेदी वाचते. दोनदा अंदाज चुकला, एक जाड जॅकेट ऐन मेमध्ये मापाला आलं. असो.

माया म्हटल्यावर सासूबाईंचं शिवणाचं मशीन आठवतं. शिवणीत वाढीसाठी राखलेल्या कापडाला शिंपी मायाच म्हणतात. तयार कपड्यांत ती औषधालाही नसते, टीप उसवली की थेट धागेच. मोठीसाठी त्यांनी खणाचं परकर-पोलकं शिवलं, तेव्हा परकराला आतून तीन दुमडी घातल्या होत्या आणि पोलक्याच्या दोन्ही बाजूंना चांगली दोन-दोन बोटं माया. तिसऱ्या वर्षानंतर मुलं वर्षाला पाच-सात सेंटिमीटरच वाढतात, त्यामुळे एक दुमड सोडली की वर्ष निघतं. त्या परकराने दोन पाडवे, एक गणपती आणि आतेचं लग्न काढलंय.

परवा दुसरी दुमड सोडली. आत दडलेलं कापड गर्द हिरवं, बाकीचा परकर उन्हाने आणि धुण्याने उतरलेला, मध्ये जुन्या दुमडीची आडवी रेघ. मी म्हटलं, “बघ, मागच्या वर्षी तू इथपर्यंत होतीस.” तिला त्याचं काही कौतुक नाही. रेघ दिसते म्हणून ती घालणार नाही म्हणे. रेघेवर लेस लावायचं ठरलंय, जांभळी, आणि ती आणायला आजीबरोबर तीच जाणार आहे.