आमची वाटचाल : सव्वाशे ग्रॅमची पुडी

आज आम्ही मॉर्टरमध्ये, म्हणजे सिमेंट-वाळूच्या मालात घालायचे धागे कापून, तपासून, पुड्या भरून देतो. पण सुरुवात धाग्यापासून झाली नाही, प्लास्टरपासून झाली. मी आणि माझा धाकटा भाऊ गिलाव्याची कामं घ्यायचो. संध्याकाळी भिंत ओळंब्यात घेऊन, घोटून सोडायची आणि सकाळी येऊन बघावं तर तिच्यावर केसासारख्या भेगांचं जाळं. मालक काही बोलायच्या आधीच जीव थोडा थोडा व्हायचा. पुट्टी भरून त्या भेगा झाकता येतात, पण ओल आत शिरते ती तिथूनच.

सिमेंट जास्त घाला, असा सल्ला सगळेच द्यायचे. आम्ही तेही केलं, आणि भेगा वाढल्या. सिमेंट जास्त म्हणजे आकसणं जास्त, हे तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं. माल थापल्यावर पहिल्या काही तासांत वरचं पाणी उडून जातं. आतून पाणी वर यायचा वेग त्यापेक्षा कमी पडला की पृष्ठभाग आकसतो, खालचा थर त्याला धरून ठेवतो, आणि त्या ताणाला तोंड द्यायची ताकद ओल्या मालात अजून आलेलीच नसते. काँक्रीटच्या बाबतीत दर चौरस मीटरमागे तासाला 1 किलोच्या आसपास पाणी उडू लागलं की धोका धरतात. ऊन नसलं तरी नुसत्या कोरड्या वाऱ्याने तेवढं होतं.

मातीच्या भिंतीत गवत आणि चुन्यात जनावरांचे केस माणूस फार पूर्वीपासून घालत आला आहे, हे दोघांनाही माहीत होतं. म्हणून सुताच्या कारखान्यातून पॉलिएस्टरच्या धाग्याचं टाकाऊ वेस्टेज आणलं, कात्रीने तुकडे केले आणि मिक्सरमध्ये टाकले. बोराएवढ्या गुठळ्या झाल्या. थापी फिरवली की गुठळी घरंगळायची आणि मागे ओरखडा राहायचा. ती अख्खी भिंत आम्ही स्वखर्चाने खरवडून पुन्हा केली.

त्या भिंतीने दोन गोष्टी शिकवल्या. पहिली म्हणजे, धागा पाण्यात सुटा होण्यासाठी त्यावर खास लेप लागतो. साध्या सुताला तो नसतो, म्हणून ते एकमेकांना बिलगतं. दुसरी गोष्ट त्याच कारखान्यातल्या एका जुन्या कारागिराने सांगितली. पॉलिएस्टरचं कापड मऊ आणि हलकं करायला ते कॉस्टिक सोड्यात टाकतात, कारण सोडा धाग्याला वरून खातो. सिमेंटच्या ओल्या मालाचा पीएच 12.5च्या वर असतो, म्हणजे तिथेही सोड्यासारखाच तीव्र अल्कली (क्षार). पहिल्या दिवसाच्या भेगांपुरतं पॉलिएस्टर काम करतं, पण कायम ओलसर राहणाऱ्या जागी वर्षानुवर्षं त्याच्या भरवशावर राहायला माझं मन घेत नाही. आम्ही पॉलिप्रोपिलीन या प्लास्टिकच्या धाग्याकडे वळलो. अल्कली त्याचं काही बिघडवत नाही.

दोन्ही धाग्यांतला फरक आजही आम्ही काचेच्या ग्लासात दाखवतो. पाण्याची घनता 1 धरली तर पॉलिप्रोपिलीनची 0.91, म्हणून ते पाण्यावर तरंगतं, पॉलिएस्टरची 1.38, ते तळाला जातं. लेप चांगला असेल तर काडीने ढवळताच पांढरी काडीसारखी जुडी फुटते आणि पाणी धुक्यासारखं दिसू लागतं. जुडी तशीच राहिली तर ती पोती आम्ही परत पाठवतो. ही तपासणी भाऊ स्वतः करतो, ते काम त्याने आजवर कोणावर सोपवलेलं नाही.

लांबी ठरवायलाही वेळ गेला. काँक्रीटला 12 मिलिमीटरचा धागा चालतो, म्हणून आम्ही तोच प्लास्टरला दिला. प्लास्टरचा थरच जेमतेम 12 मिलिमीटरचा. भिंत केसाळ झाली आणि रंगाऱ्याने काम थांबवलं. तेव्हापासून प्लास्टरसाठी 6 मिलिमीटर. 1:4च्या (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू) मालात 50 किलो सिमेंटच्या एका गोणीमागे 125 ग्रॅम. हे मालाच्या आकारमानाच्या जेमतेम एक हजारांश होतं, आणि गिऱ्हाइकाचा त्यावर विश्वास बसत नाही. मग मी हिशोब मांडतो: 30 मायक्रॉन (मिलिमीटरचे 30 हजारांश) जाडीचा, 6 मिलिमीटर लांबीचा धागा धरला तर त्या पुडीत 3 कोटींहून जास्त तुकडे भरतात. भेग कुठूनही सुरू होवो, दोन पावलांवर तिला धागा आडवा येतोच.

आमच्या कामाचा खरा पाया मात्र एका ट्रेने घातला. पत्र्याचे दोन ट्रे, तळाला मधोमध त्रिकोणी पट्टी, म्हणजे तिथे थर पातळ होऊन भेग तिथेच पडते. एकात साधा माल, दुसऱ्यात धाग्याचा. पाणी दोन्हीत मोजून सारखं, समोर पंखा. तीनेक तासांत साध्या ट्रेमध्ये पट्टीच्या रेषेवर पोस्टकार्डाची कड जाईल एवढी भेग उघडली. दुसऱ्यात टॉर्च तिरपी धरून शोधल्यावर एक बारीक रेघ सापडली, तीही अर्ध्यावर थांबलेली. त्या दिवशी आम्ही गिलाव्याची कामं घेणं बंद करायचं ठरवलं.

याचं कारण समजलं आणि आमची बोलण्याची पद्धतच बदलली. तासाभरापूर्वी थापलेल्या मालापेक्षा हा धागा कितीतरी ताठ असतो, म्हणून तेव्हा तो ताण उचलतो. महिन्याभराने माल त्याच्यापेक्षा ताठ झालेला असतो. मग धाग्याचं काम उरतं ते भेग पडलीच तर दोन्ही कडा धरून ठेवायचं, कोपऱ्यावर घाव बसला तर टवका उडू न द्यायचं. एवढ्या प्रमाणात मालाची दाब सोसायची ताकद जवळपास तेवढीच राहते. ‘ताकद दुप्पट’ असं पुडीवर छापा, खप वाढेल, असं आम्हाला अनेकांनी सांगितलं. आम्ही छापलं नाही.

खांब आणि विटेच्या सांध्यावरची भेग, पाया खचल्यामुळे पडलेली तिरपी भेग, मातकट वाळूमुळे सुटलेलं प्लास्टर, यांवर धागा हे औषध नाही. सांध्यावर जाळीच मारावी लागते. एकाने सळई कमी करायच्या बेताने मोठी ऑर्डर दिली होती. आम्ही ती घेतली नाही. त्या महिन्यात पगार द्यायला ओढाताण झाली, तरी त्या घरात राहायला जाणारी माणसं डोळ्यांसमोरून हलत नव्हती.

सगळ्यात जास्त शिकवलं ते गवंड्यांनी. एका वयस्कर मिस्त्रींनी घमेल्यात बोटं फिरवत विचारलं, “साहेब, माल जड लागतोय. पाणी घालू?” इथेच सगळा घोळ होतो. धाग्याने माल घट्ट भासतो, गडी पाण्याची बादली ओततो, आणि धाग्याने वाचवलेलं त्या पाण्याने जातं. आता पहिल्या दिवशी आमचा माणूस साइटवर हजर असतो. धागा कोरड्या वाळूत भुरभुरायचा, सिमेंट घालून कोरडंच परतायचं, पाणी शेवटी, आणि मिक्सर नेहमीपेक्षा दोन-तीन मिनिटं जास्त फिरवायचा. त्याच मिस्त्रींनी पुढे आम्हाला सांगितलं की थापी पाण्यात बुडवून हलकी ओढली की वर आलेले धागे निजतात. ते आम्ही पुडीमागच्या सूचनांत घातलं. शेवटची ओळ तीच जुनी: सात दिवस पाणी मारा. धागा घातला म्हणून ते सुटत नाही.

सध्या पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल) या दुसऱ्या कृत्रिम धाग्यावर चाचण्या चालू आहेत. हा धागा सिमेंटला इतका घट्ट चिकटतो की ताण आल्यावर सरकण्याऐवजी तुटतो, म्हणून त्यावर तेलाचा अगदी पातळ हात द्यावा लागतो. प्रमाणही बरंच जास्त, आकारमानाच्या 2 टक्क्यांपर्यंत. मागच्या खेपेची, हा धागा घातलेल्या मालाची पातळ फळी दोन विटांवर ठेवून मधे वजन वाढवत गेलो. ती वाकली, खालून बारीक बारीक रेघा उमटल्या, पण दोन तुकडे झाले नाहीत. त्याच खेपेची दुसरी फळी मात्र कटकन मोडली. मोडलेल्या तोंडावर धाग्यांची गुठळी दिसली. मिसळण्याची रीत नीट बसेपर्यंत हा माल विक्रीला ठेवलेला नाही.