कार्बनला हात लावायचा नाही, लिंक बदलायची

बेळगावजवळच्या राजहंसगडाच्या पायथ्याशी सायकल उभी केली की कुणी ना कुणी जवळ येतंच. आधी किंमत विचारतात, मग वजन. पण मला आवडतो तो तिसरा प्रश्न: "फ्रेमच्या मधोमध हे निळसर काय बसवलंय?" तिथे उभ्या उभ्या नीट सांगून होत नाही, म्हणून आज सविस्तर लिहिते.

ती रॉकर लिंक आहे. सीट ट्यूब (सीटखालची उभी नळी), सीटस्टे (मागच्या चाकाकडे उतरणारी वरची नळी) आणि मागचा शॉक (दणका झेलणारी हवेची स्प्रिंग) या तिघांना जोडणारी ॲल्युमिनियमची जोडी. फ्रेमबरोबर आलेली मूळ लिंक काढून ठेवली. आता बसवलेली मी स्वतः डिझाइन केली आणि उद्यमबागेत मामाच्या शॉपमध्ये कापून घेतली. माझं काम जिग-फिक्स्चर (मशीनवर जॉब धरून ठेवणारी साधनं) डिझाइनचं, त्यामुळे ड्रॉइंग आणि टॉलरन्स (मापात किती फरक चालेल ती हद्द) हा रोजचाच विषय. तरीही ही लिंक अंगावर घेण्याआधी बराच विचार केला, आणि तेव्हा झालेलं मत आजही कायम आहे. कार्बनची फुल सस्पेन्शन (पुढे-मागे दोन्हीकडे दणका झेलणारी) फ्रेम आपल्या मनासारखी करायची असेल तर कार्बनला हात लावायचा नाही. जे काय बदलायचं ते बोल्टने बसणाऱ्या भागांत बदलायचं: लिंक, बेअरिंग, बुश, हेडसेट (हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंग).

कारण सांगते. कार्बनची फ्रेम म्हणजे रेझिन भिनवलेल्या कापडाचे शेकडो तुकडे एकावर एक ठेवून, आत फुगा फुगवून, स्टीलच्या मोल्डमध्ये गरम करून पक्की केलेली वस्तू. प्रत्येक तुकड्याच्या धाग्यांची दिशा ठरवून दिलेली असते. नळीच्या लांबीत जाणारे धागे वाकणं रोखतात, ४५ अंशांत तिरके बसवलेले पीळ रोखतात. बांबू जसा उभा दणकट आणि आडवा पटकन चिरतो, तसंच धाग्यांचंही आहे. लोखंडाच्या नळीला भोक पाडलं तर तेवढीच धातू जाते. कार्बनमध्ये भोक पाडलं की त्या जागेतून जाणारा प्रत्येक धागा तुटतो, आणि कडेच्या थरांना सुटायला जागा मिळते. पाण्याच्या बाटलीसाठी ड्रिल घेऊन बसणाऱ्यांना मी दर वेळी अडवते, आणि पुढेही अडवणार.

आता लिंकच का. माझी फ्रेम २९ इंची चाकांची आहे, मागचा ट्रॅव्हल (मागचं चाक जास्तीत जास्त किती वर उचललं जातं) १३० मिमी, शॉक २१० बाय ५०. म्हणजे एका टोकाच्या बोल्टच्या भोकापासून दुसऱ्यापर्यंत २१० मिमी आणि स्ट्रोक, म्हणजे शॉक जेवढा दबतो तो, ५० मिमी. १३० भागिले ५०, सरासरी लिव्हरेज रेशो २.६, म्हणजे शॉक १ मिमी दबला की चाक २.६ मिमी उचलतं. मागची रचना हॉर्स्ट लिंकची, म्हणजे चेनस्टेवरचा (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या नळीवरचा) पिव्हट, म्हणजे बिजागरीचा सांधा, ॲक्सलच्या पुढे आणि जरा खाली. हॉर्स्ट लायटनर यांची ही कल्पना. तिचं पेटंट बरीच वर्षं स्पेशलाइज्ड या सायकल कंपनीकडे होतं. ते संपल्यावर इतरांच्या फ्रेम्समध्येही ही रचना सर्रास दिसायला लागली. रचना उत्तमच आहे, माझी तक्रार तिच्याबद्दल नव्हती.

तक्रार होती स्ट्रोकच्या शेवटाबद्दल. गडाच्या उतारावर जांभ्याच्या पायऱ्यांसारख्या कडा आहेत. तिथे गुडघाभर उंचीवरून मागचं चाक उतरलं की शॉक तळाला जाऊन आपटायचा. म्हणून हवा वाढवायची. हवा वाढवली की सॅग (सायकलवर नुसतं बसल्यावर शॉक जेवढा दबतो तो) उरायचा जेमतेम १० मिमी, आणि किणयेकडच्या मुळ्यांच्या वाटेवर मागचं चाक जमिनीला चिकटण्याऐवजी नाचायचं.

अंदाज करत बसण्यापेक्षा मोजलं. हे कुणालाही घरी करता येईल. शॉकमधली हवा पूर्ण सोडायची, फ्रेम स्टँडवर घट्ट धरायची, शॉक ५-५ मिमी दाबत जायचं आणि दर टप्प्याला मागच्या ॲक्सलची उंची लिहून ठेवायची. मी टूल रूममधला हाइट गेज वापरला, कारण इथे अर्ध्या मिलिमीटरलाही किंमत आहे. शॉकच्या पहिल्या ५ मिमीला चाक १३.५ मिमी उचललं, म्हणजे रेशो २.७. मधोमध तो २.५ वर आला आणि शेवटपर्यंत तिथेच बसून राहिला. स्ट्रोक संपत आला तरी लिंक शॉकच्या मदतीला येत नव्हती, हे कागदावरच दिसलं.

शॉकमध्ये व्हॉल्यूम स्पेसर भरायचे हा सोपा मार्ग, आणि तो आधी करून पाहावाच. हवेची जागा कमी झाली की शेवटी स्प्रिंग कडक होते. पण त्याने फक्त स्प्रिंग कडक होते, डॅम्पिंग (शॉकच्या हालचालीचा वेग आवरणारा रोध) आहे तसंच राहतं. दाबलेली स्प्रिंग जोरात परत उसळते, आणि ती धरायला रिबाउंड, म्हणजे उसळी आवरणारं डॅम्पिंग, अपुरं पडतं. लिव्हरेजच कमी होत गेलं तर शेवटी चाकाच्या तेवढ्याच हालचालीला शॉकचा दांडा जास्त सरकतो, त्यामुळे स्प्रिंग आणि डॅम्पिंग दोन्ही सोबतच वाढतात. शिवाय शॉकवर येणारा जोर म्हणजे चाकावरचा जोर गुणिले रेशो. शेवटी रेशो २.५ ऐवजी २.३ झाला, तर त्याच दणक्याला फ्रेममधल्या शॉक माउंटवर, म्हणजे थेट कार्बनवर, कमी भार येतो. हे लक्षात आलं तेव्हा निर्णय पक्का झाला.

रॉकरचा शॉककडचा हात आणि शॉक यांच्यात ९० अंशांचा कोन होतो तेव्हा त्या हाताची परिणामकारक लांबी सगळ्यात जास्त असते. मूळ लिंकमध्ये हा काटकोन अर्ध्या स्ट्रोकलाच व्हायचा, पुढे वाढायला काही उरायचंच नाही. तो शेवटच्या काही मिलिमीटरांत यावा, म्हणून शॉकच्या बोल्टचं भोक सरकवायचं. पण हवं तिथे सरकवता येत नाही. शॉकचं पुढचं माउंट फ्रेममध्ये पक्कं आहे आणि शॉकची लांबी २१० ठरलेली. तिथे कंपासचं टोक रोवून २१० मिमीची कमान काढली, तर नवं भोक त्या कमानीवरच यायला हवं. तसं आलं तरच सायकल उभी असतानाची उंची, हेड अँगल (हँडलखालच्या नळीचा कल), बॉटम ब्रॅकेट (पेडलचा आस बसतो ती जागा) सगळं जागच्या जागी राहतं. त्या कमानीवर भोक काही मिलिमीटर सरकवत मी आलेख काढत गेले. सुरुवात २.९, शेवट २.३, ट्रॅव्हल १३० च्या आसपासच, असा आलेख आला तिथे थांबले.

आधी लिंक थ्रीडी प्रिंटरवर प्लास्टिकमध्ये काढून बसवली. सायकल चालवायला नव्हे, जागा तपासायला. पूर्ण स्ट्रोक दाबल्यावर लिंक सीट ट्यूबला घासते का, टायर आणि सीट ट्यूबमध्ये किमान ६ मिमी राहतात का, शॉकची हवेची नळी कुठे अडते का, हे सगळं प्लास्टिकच्या तुकड्यावर कळतं.

मग ड्रॉइंग घेऊन मामाकडे. मामा आयुष्यभर मशीनवर उभा राहिलेला माणूस. कागद उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिला आणि म्हणाला, "काय गे, हे सायकलीचं म्हणूलालीस, खरं टॉलरन्स विमानाचा घातलायस." मी सांगितलं की बेअरिंग सैल बसलं तर दर दणक्याला ते घरात, म्हणजे लिंकमधल्या त्याच्या भोकात, हलतं, आणि घर ॲल्युमिनियमचं, मऊ, काही महिन्यांत भोक लांबुळकं होतं. तसा तो लगेच बोअर गेज (भोकाचं माप घेणारं साधन) काढायला उठला.

धातू ७०७५-टी६, ॲल्युमिनियमचा मिश्रधातू. दुसऱ्या मिश्रधातूची, ६०६१-टी६ ची, ताण सोसायची ताकद सुमारे ३१० मेगापास्कल, ७०७५ ची ५७० च्या आसपास. ७०७५ ला वेल्डिंग चालत नाही, पण इथे वेल्डिंगचा प्रश्नच नाही. आतल्या प्रत्येक कोपऱ्याला ३ मिमीची त्रिज्या दिली, कारण भेग बहुधा धारदार कोपऱ्यातून सुरू होते. मामाचा आग्रह एकच होता: डावी-उजवी दोन्ही लिंक एकत्र क्लॅम्प करायच्या आणि सगळी भोकं एकाच सेटिंगमध्ये मारायची. "जॉब पलटी केलीस की गेलं. मग कितीबी डायल लाव, दोन्ही बाजू एका रेषेत येत नाहीत." बेअरिंगच्या भोकाला शेवटचा कट घेण्याआधी त्याने मशीन थांबवलं, चहा झाला, ॲल्युमिनियम थंड झालं, मग गेज घातला. गरम जॉबचं माप घेतलं असतं तर थंड झाल्यावर भोक लहान भरलं असतं. २८ मिमीच्या भोकाला १५ मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) कमी, दोन्हीकडे सारखं. मायक्रॉनचं माप वाचून मामाने नुसती मान हलवली.

उद्यमबागेत हे काम होतं याचं मला मनापासून कौतुक आहे. फाउंड्री, हायड्रॉलिक्स, मशीन शॉप यांच्यात वाढलेल्या गावात बोअरची फिट समजणारी माणसं गल्लीगल्लीत सापडतात. हत्तरगीला तर विमानांचे भाग बनतात. सायकलच्या लिंकसाठी परदेशातून पार्सल मागवायची आपल्याला खरोखर गरज नाही.

लिंक ॲनोडायझिंगला (ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा रंगीत थर चढवायला) देताना भोकं झाकायला सांगा. ॲनोडायझिंगचा थर बाहेरच्या बाजूलाही वाढतो, आणि इतक्या कष्टाने साधलेले मायक्रॉन त्यात जातात.

बेअरिंग ६९०२, १५ बाय २८ बाय ७. आपल्या बाजारात सहज मिळतं ते केज (गोळे एकमेकांपासून दूर ठेवणारी जाळी) असलेलं, मोटारीच्या शाफ्टसारखं गरगर फिरण्यासाठी बनवलेलं. पिव्हटमधलं बेअरिंग पूर्ण फेरा कधीच घेत नाही. थोड्याशा अंशांत पुढे-मागे होत तेच ते गोळे त्याच जागी मार खातात. म्हणून केज काढून त्या जागेत जास्त गोळे भरलेली बेअरिंग घ्यावीत. ती वेगळी मागवावी लागतात. बसवताना हातोडा नको. लांब बोल्ट, दोन वॉशर आणि बेअरिंगच्या बाहेरच्या रिंगेएवढी बुश घेऊन हळूहळू ओढून बसवायचं. दाब बाहेरच्या रिंगेवरच. आतल्या रिंगेवर दाब दिला की गोळ्यांच्या वाटेवर खळगे पडतात, आणि नवं बेअरिंग पहिल्याच दिवशी खरखरतं.

पावसाचं वेगळं सांगायला हवं, कारण आपल्याकडचा पाऊस पुस्तकातला नाही. जांबोटी-कणकुंबीकडे जुलैत सायकल घातली की तांबडी माती प्रत्येक सीलमध्ये शिरते. त्यात कार्बन आणि ॲल्युमिनियम ओलाव्यात एकमेकांना टेकले की ॲल्युमिनियम खायला लागतं. पांढरी भुकटी दिसली की समजावं. जिथे धातू कार्बनला टेकतो तिथे मध्ये काचेच्या कापडाचा थर असावा लागतो. चांगल्या फ्रेममध्ये तो असतो. आपल्या हातात ग्रीस आहे, ते सढळ हाताने लावा. पावसाळ्यात प्रेशर वॉशर पिव्हटवर मारू नका.

लिंक बदलायला सगळं सुटतंच, तेव्हा फ्रेम तपासून घ्या. मी पाच रुपयांच्या नाण्याने टिचक्या मारत डाउन ट्यूब (हँडलकडून पेडलकडे उतरणारी नळी) आणि चेनस्टेवरून जाते. चांगल्या कार्बनचा आवाज कडक, टणक. थर सुटले असतील तिथे तो एकदम बद्द होतो, बोटालाही जाणवतं. माझ्या फ्रेममध्ये तसं काही निघालं नाही. तुमच्यात निघालं तर घरी लांबी (पुट्टी) भरल्यासारखं इपॉक्सी थापू नका. तो भाग उताराने घासून थरावर थर, मूळ धाग्यांच्या दिशेत द्यावा लागतो, आणि ते काम जाणत्या माणसाचं. तेही शक्यतो दिवाळीनंतर. पावसाळी दमट हवेत कित्येक इपॉक्सींवर मेणासारखा चिकट थर येतो, तो पाण्याने धुऊन काढल्याशिवाय पुढचा थर धरत नाही. आणि कार्बन घासताना मास्क हवाच, घासणी पाण्याखाली. ती धूळ फुफ्फुसात जाता कामा नये.

आता सॅग १५ मिमी ठेवते, म्हणजे बरोबर ३० टक्के. राजहंसगडाच्या त्याच कडांवर शॉकवरची रबराची रिंग शेवटाच्या अलीकडे २-३ मिमीवर थांबलेली दिसते. आपटल्याचा आवाज नाही. पण खरा फरक चढावर कळला. सुट्या खडीत मागचं चाक जमीन सोडत नाही, पेडल मारलं की सायकल पुढेच जाते. तो पहिला चढ चढून वर आल्यावर मी मामाला फोन केला. त्याने विचारलं, "बोल्ट ढिले झाले काय बघितलीस?" बघितले होते. घरी आल्यावर टॉर्क रेंच लावूनही पुन्हा बघितले.

ॲल्युमिनियम थकतं. त्यामुळे लिंक दर पावसाळ्यानंतर काढून डाय पेनेट्रंट मारते. फाउंड्रीत कास्टिंग तपासायला वापरतात तेच, लाल आणि पांढरा स्प्रे. लाल मारायचं, मुरू द्यायचं, पुसायचं, वर पांढरं मारायचं. भेग असेल तर पांढऱ्यावर केसाएवढी लाल रेघ उमटते. आजवर उमटलेली नाही. उमटली तर ती लिंक त्याच दिवशी भंगारात जाईल आणि मूळ लिंक परत चढेल.

हेड अँगलबद्दलही विचारणा येतात. तुमची हेड ट्यूब वर ४४ आणि खाली ५६ मिमीची असेल, तर एक अंश बदलणारा हेडसेट बसतो. मागे २७.५ चं चाक घालायचा दुसरा मार्ग आहे: रिमच्या त्रिज्येत १९ मिमीचा फरक, त्यामुळे हेड अँगल जवळपास ०.९ अंशाने पडतो आणि बॉटम ब्रॅकेट १२ मिमीच्या आसपास खाली येतो. आपल्या जांभ्याच्या कडांवर पेडल आपटतं, म्हणून मी चाक बदललं नाही.

माझं ड्रॉइंग मी कुणालाही सरळ देत नाही, कारण दुसऱ्या फ्रेमवर ते चुकीचंच ठरणार. तुमच्या फ्रेमचं पुढचं शॉक माउंट ते सीट ट्यूबचा पिव्हट हे अंतर, शॉकची लांबी-स्ट्रोक, आणि वर सांगितलं तसं ५-५ मिमीचं मोजमाप पाठवा, म्हणजे आलेख काढायला मी बसते. मामाची अट एवढीच आहे की बेअरिंग आधी आणून द्यायची. भोक त्यांच्या प्रत्यक्ष मापावर मारलं जाईल, कॅटलॉगमधल्या नाही.