आवाज डाव्या बाजूचा, पण कुठल्या चाकाचा?

पुढची चाकं ओढणारी, मागे ड्रम ब्रेक असलेली साधी हॅचबॅक. तक्रार एका ओळीची: साठच्या वर गेलं की डाव्या पुढच्या चाकातून घूंऽऽ असा आवाज. माझ्याकडे येण्याआधी एका गॅरेजात पुढची दोन्ही बेअरिंग बदलून झाली होती, अलाइनमेंट-बॅलन्सिंग झालं होतं, आणि आवाज होता तिथेच होता. चावी देताना काकूंनी बजावलं, "दादा, परत बेअरिंग बदला असं तेवढं सांगू नका."

सांगावं लागलं तेच. फक्त बेअरिंग दुसरं निघालं.

चाकाच्या आवाजात पहिलं काम पाना हातात न घेता करायचं असतं. एसी, रेडिओ बंद, डिकीतलं सामान बाहेर, चारही टायरमध्ये हवा बरोबर, आणि रविवारी सकाळी लवकर पुण्यात वारज्याच्या पुढे बायपासला. चाळीसला आवाज जेमतेम, साठला स्पष्ट, ऐंशीला भरीव. गाडी न्यूट्रल करून नुसती पळू दिली तरी आवाज तसाच राहिला, म्हणजे इंजिन आणि क्लच यादीतून गेले. ब्रेक हलका दाबूनही फरक नाही. मग टायर. टायर उंच-सखल झिजला तर तोही असाच गुणगुणतो आणि भलेभले त्यात फसतात. पण टायरचा आवाज रस्त्याप्रमाणे बदलतो, गुळगुळीत डांबर, खरबरीत डांबर, सिमेंट, प्रत्येकावर निराळा. इथे रस्ता बदलला तरी आवाज बदलत नव्हता. शिवाय हाताचा तळवा टायरच्या नक्षीवरून पुढे-मागे फिरवला तरी कुठे करवत लागत नव्हती.

पुढची चाचणी मोकळ्या रस्त्यावरच करायची, मागेपुढे वाहन नसताना. साठच्या वेगात स्टिअरिंग किंचित डावीकडे, किंचित उजवीकडे. उजवीकडे झुकवलं की गाडीचा भार डाव्या बाजूवर येतो. इथे आवाज तेव्हाच वाढत होता आणि डावीकडे झुकवलं की जवळजवळ गप्प. म्हणजे खोट डाव्या बाजूला. ही चाचणी शंभर टक्के नसते, बेअरिंगमध्ये बॉलच्या दोन रांगा असतात आणि कुठली रांग खराब आहे त्यावर कधी कधी उलटंही होतं. पण तिचा एक अर्थ बहुतेक जण विसरतात. डावी बाजू म्हणजे पुढचं चाकही आणि मागचंही.

आवाज पुढूनच येतोय हे काकूंनाही वाटत होतं, मलाही वाटलं. त्याला कारण आहे. १६५/८० आर १४ टायरचा घेर साधारण १.९५ मीटर. ताशी ६० किलोमीटरला चाक सेकंदाला साडेआठ फेऱ्या मारतं. बेअरिंगची धाव (बॉल ज्यावरून पळतात ती रिंगमधली खाच) खराब असेल तर बॉलच्या संख्येप्रमाणे त्याच्या पाच ते आठ पट, म्हणजे अंदाजे ४० ते ७० हर्ट्झचा आवाज निघतो. या आवाजाची लाटच पाच मीटर आणि त्याहून लांब, चार मीटरच्या गाडीत ती मावत नाही. पत्रा आणि फ्लोअर सगळीकडे सारखे घुमतात आणि कानाला दिशा लागत नाही.

आधीच्या गॅरेजात काय झालं असेल याचा अंदाज बांधता येतो. पुढची चाकं उचलायची, गिअर टाकून फिरवायची, आणि घरघर आली की बेअरिंग गेलं म्हणायचं, ही सर्रास पद्धत. पण चाकं लोंबकळत असली की एक्सल तिरके होतात आणि चांगले सीव्ही जॉइंटही (एक्सलचे वळणारे सांधे) कुरकुरतात. असं तपासायचंच असेल तर जॅक लोअर आर्मखाली (चाकाला धरणाऱ्या सस्पेन्शनच्या खालच्या दांड्याखाली) देऊन चाक त्याच्या नेहमीच्या उंचीवर आणावं. एकच चाक उचललं असेल तर डिफरन्शियलमुळे (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरमुळे) ते मीटरच्या दुप्पट वेगाने फिरतं, मीटरवर ३० म्हणजे चाक ६० ला, हे ध्यानात ठेवावं. आणि मागची चाकं या गाडीत इंजिनने फिरतच नाहीत, त्यामुळे या पद्धतीत त्यांची पाळी कधी येतच नाही.

मी गाडी घोड्यांवर (जॅक स्टँडवर) घेऊन चारही चाकं मोकळी केली, हँडब्रेक सोडला. आधी वर-खाली धरून हलवलं (बारा आणि सहाच्या जागी), मग आडवं. कुठेच प्ले (ढिलेपणा) नाही. इथे बरेच जण बेअरिंगला पास करतात आणि चुकतात. गुणगुणणाऱ्या बेअरिंगला प्ले असेलच असं नाही, प्ले येतो तो अगदी शेवटी. खरी खूण बोटांना लागते. एका हाताने चाक फिरवायचं आणि दुसऱ्या हाताची बोटं सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर हलकी टेकवायची. चांगलं बेअरिंग असेल तर स्प्रिंग मुकी राहते. पुढच्या दोन्ही मुक्या होत्या. मागच्या डाव्या स्प्रिंगवर बोटांना बारीक चरचर लागली, जणू आत कुणी वाळू दळतंय. मागे ब्रेक शू ड्रमला घासून असाच भास होतो, म्हणून अ‍ॅडजस्टर सैल करून पुन्हा फिरवलं. चरचर कायम. उजव्या मागच्यालाही होती, पण निम्मीच.

ड्रम काढला तेव्हा कारण समोर आलं. आतल्या पत्र्यावर (बॅकप्लेट) कडेला राखाडी गाळाचा वाळलेला थर. विचारलं तर कळलं, २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत पाणी शिरलं, त्यात गाडी पार्किंगमध्ये उभी होती. पाणी ओसरल्यावर इंजिन ऑइल बदललं, मॅट, सीट सुकवून घेतल्या, वायरिंग तपासलं. चाकांकडे कुणी पाहिलं नाही, कारण तेव्हा ती व्यवस्थित फिरत होती. आवाज दिवाळीनंतर सुरू झाला.

बेअरिंगचं सील धूळ आणि उडणारं पाणी अडवतं, तासन्‌तास पाण्यात बुडवून ठेवण्यासाठी ते नसतंच. आत गेलेल्या पाण्याने ग्रीस पांढुरकं होतं आणि त्याचं बळ जातं. गाडी उभी असल्याने प्रत्येक बॉल जिथल्या तिथे टेकलेला असतो, आणि गंज तिथेच बसतो. जुनं बेअरिंग उघडून पाहिलं, तर बाहेरच्या रिंगच्या धावेवर करड्या-काळ्या आडव्या पट्ट्या होत्या, दोन बॉलमधलं असतं तेवढंच अंतर राखून. त्या पट्ट्यांवरून बॉल महिनोन्‌महिने धावले, पोपडे निघाले आणि घूंऽऽ सुरू झालं.

बसवण्याचं काम सोपं, पण बिघडवायलाही सोपं. या गाडीत मागचं बेअरिंग ड्रममध्येच प्रेस केलेलं असतं. आधी सरक्लिप (बेअरिंग अडकवून ठेवणारी गोल क्लिप) काढायची, मग हायड्रॉलिक प्रेसवर जुनं काढायचं, बैठक साफ पुसायची, गंज असेल तर बारीक पॉलिश पेपर. नवं बसवताना जोर फक्त बाहेरच्या रिंगवर. आतल्या रिंगवर दाबलं किंवा हातोड्याने ठोकलं तर बॉल धावेत खळगे पाडतात आणि नवं बेअरिंग काही दिवसांत तेच गाणं म्हणायला लागतं. एबीएसच्या (ब्रेक दाबताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) गाडीत बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्ये चुंबकीय पट्टी असते, ती चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरकडेच हवी. डोळ्यांना ओळखू येत नसेल तर स्टेपलरची पिन जवळ न्यावी, पट्टीच्या बाजूला ती चिकटते. उलटं बसलं की मीटरवर एबीएसचा दिवा लागतो आणि सगळं पुन्हा उघडावं लागतं. स्पिंडलचा (ड्रम ज्यावर बसतो त्या दांड्याचा) नट चेचून लॉक करायचा असतो, म्हणून दर वेळी नवा, आणि टॉर्क रेंचनेच, त्या गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्यावर. एअर गनने आवळून अंदाजाने सोडून देणाऱ्यांच्या गाड्या परत येतात. बेअरिंग नाना पेठेतून घ्या नाहीतर कंपनीच्या डीलरकडून, पण पक्कं बिल घ्या. डुप्लिकेट माल खोक्यावरून ओळखणं आता अवघड झालंय.

दोन्ही बाजूंची बेअरिंग जोडीने बदलायची गरज एरवी नसते. इथे मात्र दोन्ही चाकं एकाच पाण्यात होती आणि उजव्याने चरचर सुरू केलीच होती, म्हणून काकूंना दोन्हीचा खर्च सांगितला. "पुढची दोन उगाच गेली ना?" त्यांनी विचारलं. पुढची जुनी बेअरिंग मी पाहिली नव्हती आणि पाणी त्यांच्यातही गेलं असणार, त्यामुळे उगाच म्हणता येत नव्हतं. तेच त्यांना सांगितलं.

त्याच बायपासला, त्याच वेगात पुन्हा चालवून पाहिली. घूंऽऽ गेलं, ऐंशीला फक्त टायर आणि वारा. ते गेल्यावर खाली दबलेला एक बारीक सिर्र आवाज मात्र वर आला, वळताना नाही, सरळ जाताना. बॅकप्लेटच्या कडेत राहिलेला गाळ ड्रमच्या ओठाला घासत होता. परत ड्रम काढले, ब्रशने आणि ब्रेक क्लीनरने कडा साफ केल्या (एअरने फुंकू नये, ती धूळ नाकात जाते), शू पुन्हा अ‍ॅडजस्ट केले. हँडब्रेकची केबल थोडी जड लागली, तिच्या नळीतही पाणी गेलेलं असणार. केबलचा खर्चही त्याच कागदावर लिहून दिला.